तिघांचं मिळून वय दोनशे तेवीस

माझी सून वैशाली ऑफिसात डबा उघडते, तेव्हा तिच्या मैत्रिणी भाजी कोणती ते नंतर विचारतात. आधी विचारतात, "काल घरी काय झालं?" त्या बायकांनी आम्हाला कधी पाहिलेलं नाही, पण आमची सगळी लक्षणं त्यांना पाठ आहेत.

घरात म्हातारं माणूस एक असलं तर त्याची काळजी घेतात. आमच्यात तीन आहेत. मी अडुसष्ट, आमचे हे त्र्याहत्तर आणि यांच्या थोरल्या बहीण आक्का ब्याऐंशी. त्यामुळे आमची काळजी कुणी घेत नाही, किस्से घेतात.

हे श्रीपूरकडच्या साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर होते. भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, मधला फरक तो ऊस. तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. नात झाली तेव्हा नर्सनं बाळ काट्यावर ठेवलं आणि आनंदानं म्हणाली, "तीन किलो शंभर!"

सगळ्यांचे चेहरे फुलले. हे पुढं झाले.

"दुपट्यासकट ना? आता रिकामं दुपटं घ्या."

नर्सनं निमूटपणे दुपटं तोललं. भरलं दोनशे ग्रॅम. पेढे वाटताना हे प्रत्येकाला निव्वळ वजन सांगत होते.

यांना आता शुगर आहे. जन्मभर साखरेच्या कारखान्यात राहून चहासुद्धा फिका. दिवाळीनंतर डब्यातले बेसनाचे लाडू कमी व्हायला लागले, तसा सगळ्यांचा संशय यांच्यावर. मुलानं तर रीतसर समजावलं, की बाबा, या वयात असं करू नये. हे उठले. आत जाऊन वजनकाटा घेऊन आले आणि म्हणाले, सगळ्यांनी एकेक करून उभं राहायचं. मागच्या महिन्यातली वजनं यांना तोंडपाठ होती. मुलगा तेवढाच, सून तेवढीच, हे स्वतः अर्धा किलो कमी.

मग मी उभी राहिले. दोन किलो जास्त.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "आधी रिकामी साडी तोला."

आक्कांचं मात्र वेगळं. त्या पंढरपूरजवळच्या करकंबच्या. त्यांना खोटं बोलता येत नाही आणि फोन ठेवता येत नाही. पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारी एक मुलगी रोज दुपारी फोन करायची. आपण दोन शब्दांत तोडतो. आक्का तिला जेवलीस का विचारायच्या, काय जेवलीस विचारायच्या, बाहेरचं खातेस म्हणून रागवायच्या. पंधरा दिवसांत त्या मुलीचं सासर, माहेर, गुडघेदुखी, सगळं आम्हाला कळलं. मशीनचं नाव दोघीही काढत नव्हत्या.

एक दिवस आक्का गंभीर होऊन मुलाला म्हणाल्या, "पोरीचं काम अडलंय. घे की एक."

मशीन आलं. स्वयंपाकघरात भिंतीवर बसवलंय. आक्का माठातलंच पाणी पितात. म्हणतात, "त्या पोरीसाटी घेतलंय, माझ्यासाटी न्हाय."

शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून आक्कांना बोलावलं. आमच्या भागात नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. मुलाचं शिक्षण, नोकरी, फ्लॅट, सगळं ऐकून झाल्यावर आक्कांनी एकच विचारलं.

"तुमच्यात पानी किती दिसानं येतंय?"

मुलाची आई म्हणाली, तीन.

आक्का मुलीच्या बापाकडं वळल्या. "दिऊन टाक."

तीन वर्षांपूर्वी यजमान गेल्यावर आक्कांना आम्ही इथं आणलं, तेव्हा त्या अशा नव्हत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दाराकडं तोंड करून बसायच्या, अर्धी भाकरी ताटात ठेवायच्या आणि रोज संध्याकाळी म्हणायच्या, मला गावी सोडा. ऑपरेशनचं नाव काढलं की रडायच्या.

यांनी एक दिवस पत्त्यांचा कॅट आणला. लहानपणी दोघं सात-आठ खेळायचे. पण आक्कांना पान दिसेना. मग त्या आपलं पान यांच्याच तोंडासमोर धरून विचारायच्या, "ह्ये काय हाय रं?" हे सांगायचे आणि आक्का ते टाकायच्या.

आक्का रोज जिंकायला लागल्या. आठ दिवसांत त्यांची भाकरी पुरी झाली, पुढं दीडवर गेली. गावी सोडा म्हणणं कधी थांबलं, ते कळलंही नाही. एका दुपारी मी भाकरी थापता थापता कान देऊन ऐकत होते. एकाच डावात बदाम एक्का तीनदा पडला. मी यांच्याकडं पाहिलं. यांनी मला डोळ्यानंच भाकरी थापायला सांगितलं.

दोन वर्षं असं चाललं. मग आक्काच म्हणाल्या, एवढी चांगली पानं येत्यात, ती मला सोताच्या डोळ्यानं बगायचीत. आणि उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाल्या.

ऑपरेशन छान झालं. महिन्यानं दाखवायला गेलो, तर आक्कांनी तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा वाचली. डॉक्टर खूश. आक्का काही खूश दिसेनात. डॉक्टरांनी विचारलं, आजी, काही त्रास होतोय का?

"डोळा नीट बसला न्हाय," आक्का म्हणाल्या. "आदी कसं, रोज एक्के न् राजे दिसायचे. आता निस्त्या सत्त्या न् अठ्ठ्या दिसत्यात."

डॉक्टरांना काही उमगेना. त्यांनी यांच्याकडं पाहिलं आणि विचारलं, काका, मग डाव्या डोळ्याचं कधी करू या?

हे आक्कांकडं बघत म्हणाले,

"डॉक्टर, त्यो एक हाय तसा राहू द्या की."