खंडेनवमीला न पेटलेली मशीन

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मला आधी हसू यायचं. तरी हे लिहितेय, कारण हे मी भरदिवसा, शंभरेक माणसांत उभी राहून पाहिलंय.

साल ऐंशी-एक्याऐंशी असेल. आम्ही पिंपरीत संत तुकाराम नगरला राहायचो. आमचे 'हे' जवळच्याच एका कंपनीत वेल्डर, बारा वर्षं एकाच मशीनवर. त्या वर्षी दोनदा चक्कर येऊन पडले आणि डॉक्टरांनी छातीत पेसमेकर बसवला... तेव्हा तो शब्दही आम्हाला नवा होता. पण काय फरक पडला! चार पायऱ्यांत धापा टाकणारा माणूस दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तिसरा मजला चढायला लागला. फक्त वेल्डिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या करंटने छातीतलं यंत्र गडबडलं, तर ठोके तिथल्या तिथे थांबू शकतात.

साहेबांना सांगून यांनी स्टोअरमध्ये बदली घेतली. जुन्या वेल्डिंग शॉपमधल्या दोस्तांना मात्र "किरकोळ ऑपरेशन" एवढंच. का, तर "अधू झालो म्हणतील." मानी माणूस!

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असायची, घरच्यांनाही बोलावणं असायचं. यांच्या शॉपची रीत अशी — पूजा झाली की सगळ्यात जुन्या वेल्डरने लोखंडाच्या तुकड्यावर वेल्डिंगचा एक टाका मारायचा, मग दसरा होईपर्यंत सगळं बंद. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होते. यांचे दोस्त जगताप, त्यांनी यांच्याच जुन्या मशीनचा, रॉड लावलेला होल्डर यांच्या हातात दिला.

"शिंदेभाऊ, मुहूर्त तुमच्याच हातचा!"

मला वाटलं, नाही म्हणतील. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही... वेल्डिंगची काळी काच तोंडापुढे धरली. मी ओरडायला हवं होतं. पण चारचौघांत यांची मान खाली जाईल, या भीतीने तोंडून शब्द फुटेना. त्याची लाज मला आजही वाटते.

यांनी रॉड लोखंडाला टेकवला. ठिणगी नाही. पुन्हा टेकवला... नाही. कुणी रॉड बदलला, कुणी केबल आवळली. तिसऱ्यांदाही काही नाही.

"हात इसरला व्हय, भाऊ?" जगतापांनी हसत होल्डर घेतला, टेकवला मात्र — लख्ख उजेड! पुन्हा यांच्या हाती दिला. मशीन ढिम्म.

यांनी काच खाली ठेवली, स्विच बंद केला आणि बराच वेळ मशीनवर हात ठेवून उभे राहिले. मग शर्टाची बटणं सोडून व्रण दाखवला.

"छातीत मशीन बसवलीय माझ्या. हिच्याजवळ यायची मनाई हाय. तुमच्यापासनं लपवलं, चुकलं माझं."

जगतापांचे डोळे भरून आले. "आरं देवा, काय करायला लावत हुतो मी..." मग नाक पुसून माझ्याकडे वळले. "वहिनी, मंग पूजेची एक मशीन राहिली की!"

त्या व्रणाशेजारी मी हळदीकुंकू लावलं. पहिल्यांदाच हे सगळ्यांदेखत रडले. मीही रडले.

दसऱ्यानंतर इलेक्ट्रिशियनने ती मशीन उघडून बघितली. दोष काही सापडला नाही. पुढे यांना आणखी नऊ वर्षं मिळाली. ओला रॉड, सैल वायर, यांचा कापरा हात... सगळं ताडून पाहिलं, एकही धड बसलं नाही. एवढं मात्र खरं, लग्नापासून मी त्या मशीनला सवत म्हणायचे. त्या दिवसानंतर कधी म्हटलं नाही.