पूर्वेकडे तोंड

नांगरलेल्या बोटीला कायमची पूर्व नसते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. कळलं तेव्हा बोट खडकांकडे निघाली होती.

त्याचं असं झालं. आमच्या निखिलनं केरिसशी लग्न केलं ते कार्डिफच्या रजिस्ट्री ऑफिसात, मंगळवारी, लंच ब्रेकमध्ये. मुहूर्त कौन्सिलनं काढला! हळद नाही, मंगलाष्टकं नाही, रुखवत नाही. केरिस वेल्श, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराची नात, चालायच्या आधी वल्हवायला शिकलेली. दोन महिन्यांत निखिलनं बेसिंगस्टोकमधली आयटीची नोकरी सोडली, दोघांनी होतं नव्हतं ते घालून एक जुनी शिडाची बोट घेतली आणि तिच्यावरच राहायला गेले. थेट बहामाला! मंगळागौर गेली, दिवाळसण गेला. माझ्या हाती एकच गोष्ट उरली, ती म्हणजे सुनेची पहिली संक्रांत. ती मी यथासांग करणार होते, मग त्यासाठी अटलांटिक ओलांडावा लागला तरी बेहत्तर.

ओलांडला. काळी चंद्रकळा, हळदीकुंकू, दोन डबे तिळगूळ, वाण लुटायला प्लास्टिकच्या गाळण्या (भारतीय दुकानातून डझनानं), बसायला शिसवी पाट, आणि खोक्यात कापसात गुंडाळून हलव्याचे दागिने. साखरेचा मुकुट, साखरेचा हार, साखरेचे बाजूबंद, सगळं. बहामाच्या कस्टम्समधला अधिकारी खोक्यात बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम, हे दागिने आहेत की खायचं आहे?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्यानं खोकं बंद करून परत दिलं.

मुलांची बोट होती लाँग आयलंडला. हे बेट नकाशावर पडवळासारखं दिसतं, लांबच लांब, आणि इतकं अरुंद की मधल्या टेकडीवर उभं राहिलं तर दोन्हीकडचे समुद्र दिसतात. कर्कवृत्त त्याच्यातून आरपार जातं. संक्रांतीला आठ दिवस होते, म्हणून केरिस म्हणाली, आधी बेटाला वळसा घालू, शेजारची बेटं दाखवते.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. कार्डिफच्या हॉस्पिटलात तीस वर्षं मी भूल दिली. मी "आकडे मोजा" म्हटलं की समोरचा दहाच्या आत गप्प होतो, याची मला सवय आहे. त्या आठ दिवसांत गप्प झाले ती मी! तसलं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. नांगर टाकला की साखळीची कडी न् कडी तळापर्यंत मोजता यायची, आणि खाली पांढऱ्या वाळूवर आमच्याच बोटीची सावली पडलेली. आमचे हे (हाडांचे डॉक्टर, आता निवृत्त) कठडा घट्ट धरून म्हणाले, "अगं, आपण तरंगतोय की लटकतोय?" मीही कठडा धरला.

एका निर्जन बेटावर तर केरिसनं आम्हाला रबरी डिंगीत बसवून खारफुटीच्या खाडीत नेलं आणि इंजिन बंद केलं. कासवं! एक नाही, दोन नाही, डिंगीच्या खालून, बाजूनं, कासवंच कासवं, सावकाश, जणू रविवारी बाजाराला निघालेली. एकानं डोकं वर काढून श्वास घेतला, तो मला ऐकू आला. इतक्या जवळून, इतका मोठा, म्हाताऱ्या माणसासारखा श्वास. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आई, रडते?" केरिसनं विचारलं. मराठी ती निखिलकडून शिकली होती, म्हणजे जेमतेमच.

"नाही गं, खारं वारं," मी म्हटलं. पण मला त्याच क्षणी वाटलं, या पोरीची संक्रांत अशी करीन, अशी करीन, की समुद्रानंही बघत राहावं. (समुद्रानं पाहिली. अगदी जवळून पाहिली.)

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही लाँग आयलंडच्या पश्चिमेकडच्या उपसागरात परतलो. तिथे आणखी दहा-बारा बोटी नांगरलेल्या. निखिलनं रेडिओवरून सगळ्या बोटींवरच्या बायकांना बोलावणं केलं. "माझा आई कार्डिफवरून आली आहे," हे त्यानं मला मराठीत म्हणून दाखवलं, आणि पुढचं सुदैवानं इंग्रजीत सांगितलं. सकाळी ही दोघं डिंगी घेऊन किनाऱ्यावर गेली, पाव विकणाऱ्या मिस ऑलिव्हना आणायला. बोटीवर मी, हे आणि पाट.

पुढच्या डेकवर मी रांगोळीची चार बोटं ओढली, पाट मांडला, पूर्वेकडे तोंड येईल असा. नैवेद्याचं बघून वर आले तर पाट आग्नेयेला!

"अहो, पाट हलवलात?"

"मी हातसुद्धा लावला नाही." त्यांनी फोनवरचं होकायंत्र काढलं. "पाट तिथेच आहे. बोट फिरली."

मी पाट सरकवला. पाच मिनिटांत बोट आणखी फिरली. पुन्हा सरकवला. मग हे म्हणाले, "आता दक्षिण हं. शंभर टक्के दक्षिण." दक्षिण म्हणजे यमाची दिशा! पहिल्या संक्रांतीला सुनेला यमाच्या समोर बसवायचं? तेवढ्यात वारा जरा पडला आणि बोट अलगद वळून पुन्हा पूर्वेला आली. माझ्या डोक्यात वीज चमकली.

"अहो, आता आहे तशी मागून बांधून टाका की!"

"कशाला बांधू? समुद्रात खांब असतो का?"

"मागच्या कपाटात छोटा नांगर आहे. मी पाहिलाय."

माणूस हाडांचा डॉक्टर. हलणारी गोष्ट हलू द्यायची नाही, हेच आयुष्यभर केलेलं. त्यांनी छोटा नांगर काढला, झुलवून झुलवून मागच्या बाजूला लांब फेकला, दोर ताणून खुंटीला बांधला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. बोट जागच्या जागी. जणू प्लास्टरमध्ये! पुढे एक नांगर, मागे एक, आणि तोंड पूर्वेला. नवऱ्याचा इतका अभिमान मला फार वर्षांनी वाटला.

केरिस परत आली ती डेकवर पाय ठेवल्या ठेवल्या थबकली. "आई, बोट फील्स फनी."

"संक्रांत आहे ना आज," मी म्हटलं, आणि तिला मागे बघायला उसंत न देता हाताला धरून खाली केबिनमध्ये नेलं. चंद्रकळा नेसवली. दागिने चढवले. त्या दमट हवेत हलवा आधीच चिकट झाला होता. हार गळ्याला असा बसला की आता तो शस्त्रक्रियेनंच निघाला असता. पण दिसत होती काय! काळ्या साडीवर पांढरी शुभ्र साखर आणि तांबूस केसांवर मुकुट. निखिल बघतच राहिला. "बोट इजन्ट मूव्हिंग राइट," केरिस दुसऱ्यांदा म्हणाली. मी तिच्या तोंडात तिळगूळ कोंबला.

चौघीजणी आल्या. तिघी शेजारच्या बोटींवरच्या, चौथ्या मिस ऑलिव्ह, ठेवणीतली हॅट घालून. केरिस पाटावर बसली, तोंड पूर्वेला, अगदी काटेकोर. मी निरांजन लावलं, ते वाऱ्यानं विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. तोवर वारा दक्षिणेकडून चांगलाच सुटला होता.

मिस ऑलिव्ह इकडेतिकडे बघत होत्या. "डार्लिंग, बाकीच्या सगळ्या बोटी तिकडे तोंड करून आहेत. तुमचीच एकटी अशी का?"

"आमच्यात अशीच पद्धत आहे," मी ताठ मानेनं सांगितलं.

बोट एका अंगाला कलली. गाळण्या घरंगळत निघाल्या. मी त्या गोळा करत "काही नाही, काही नाही" म्हणत होते, तेवढ्यात केरिस माझ्या खांद्यावरून किनाऱ्याकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, ते पिंक घर हलतंय."

"घर कसं हलेल गं?"

"घर नाही. आम्ही!"

ती उठली. मुकुटासकट, हारासकट उठली आणि मागे धावली. तिला ताणलेला दोर दिसला. दोरानंतर आमचे हे दिसले.

"बाबा! हे कोणी टाकलं?"

बाबांनी तत्काळ माझ्याकडे बोट दाखवलं. (पस्तीस वर्षांचा संसार!)

वारा फिरला की बोटीलाही त्याच्याकडे तोंड करून फिरू द्यायचं असतं, म्हणजे वारा तिच्या दोन्ही अंगांनी नुसता निघून जातो. आम्ही तिला आडवी बांधली होती. सगळा वारा बरगडीवर घेऊन बिचारी पुढचा मोठा नांगरही वाळूतून उपटून खेचत निघाली होती, आणि ज्या दिशेला निघाली होती तिकडे खडकांची रांग होती. हे सगळं मला नंतर समजावण्यात आलं. त्या वेळी मला एवढंच समजलं की त्या दोघांचं घर, होतं नव्हतं ते सगळं, माझ्या एका पाटापायी फुटणार आहे.

केरिसनं चंद्रकळेचा काष्टा मारला. (कुणी शिकवला? कुणीच नाही!) चाकूनं दोर एका घावात तोडला, इंजिन सुरू केलं, सुकाणू धरलं. "निखिल, अँकर अप! लेडीज, मधे बसा, खाली!" चौघीही गुडघ्यांवर. आता आम्ही शेजारच्या बोटीच्या इतक्या जवळून सरकत होतो, की तिच्यावरचा गृहस्थ आम्हाला ढकलायला हात पुढे करून उभा होता. माझ्यासमोर पसरलेला तळहात आला. दर संक्रांतीची सवय, मी त्यावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, "गोड बोला."

तो जे बोलला ते गोड नव्हतं.

"आई!" मागून आवाज आला. "खाली बस!"

आजवर मला असं कुणी सांगितलेलं नव्हतं. सर्जननं नाही, नवऱ्यानं नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही. मी बसले. मटकन, गाळण्यांवर.

आणि मग मी पाहत राहिले. खडक पाण्याखाली तपकिरी दिसत होते, अगदी हाकेच्या अंतरावर, मग हाताच्या अंतरावर. केरिस पाण्याचा रंग वाचत होती. निळं म्हणजे खोल, पोपटी म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे मरण. तिचा चेहरा शांत होता. ओठ हलत होते, बहुधा आजोबांचं काही वेल्श पुटपुटत होती. तिनं सुकाणू पूर्ण फिरवलं, बोट थरथरली, क्षणभर तिथेच घुटमळली, आणि मग वाऱ्याच्या थेट तोंडावर चालून गेली. थेट दक्षिणेला! मुकुटाची साखर लाटांच्या तुषारांनी वितळून कपाळावरून ओघळत होती, कुंकू त्यात मिसळलं होतं, आणि ती यमाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी होती. भिऊन बाजूला झाला तर तोच झाला असता.

मी हात जोडले. कुणाला, ते ठरवलं नव्हतं. हात समोर होती तिला जोडले गेले.

पुन्हा नांगर टाकून झाला, एकच, पुढून. बोट दक्षिणेकडे तोंड करून शांत उभी राहिली. सगळ्या सुखरूप. मिस ऑलिव्हनी आपली हॅट सरळ केली आणि त्या म्हणाल्या, "फार सुंदर समारंभ होता. दरवर्षी असाच असतो का?"

मी केरिसकडे गेले. सॉरी म्हणणार, तेवढ्यात तिनं बाजूबंदाचा उरलेला हलवा दातांनी तोडला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा मला भरवला. मग बोटीचं लॉगबुक काढून लिहायला बसली. जहाजावर काही घडलं की कप्तानानं नोंद करायची असते, आमच्या हॉस्पिटलातल्यासारखीच. तीस वर्षं मी इतरांच्या चुकांची कारणं अशीच रकान्यांत भरली आहेत. तिनं वही माझ्यापुढे सरकवली. वारा दक्षिणेचा, नांगर सुटला, दोर कापला, कुणाला इजा नाही, सगळं इंग्रजीत. फक्त 'कारण' या रकान्यात तिनं जीभ दातांत धरून, सावकाश, देवनागरीत एकच शब्द लिहिला होता. तिनं आपणहून लिहिलेला पहिला मराठी शब्द, गोल, सुबक, बिनचूक. 'आई.'

तिला शाबासकी दिली आणि खाली मुकाट्यानं सही केली.