टिपणीस मास्तरांची सुरी

दुपारी जेवल्यावर जरा आडवं व्हायची सवय कुमुदताईंनी जपानात येऊनही सोडलेली नाही. साकाई या लोहारांच्या शहरातल्या कार्यशाळेत जेवणाची सुट्टी झाली आहे, सुऱ्यांना धार लावायला शिकणारे बाकीचे प्रवासी कॉफी शोधायला गल्लीत गेले आहेत, आणि कुमुदताई माडीवरच्या खोलीत चटईवर कुशीला वळून पडल्या आहेत. उशाशी नॅपकिनात गुंडाळलेली सुरी आहे. उशाशी लोखंड ठेवलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत, असं त्यांची आई म्हणायची. चांगल्या स्वप्नांबद्दल ती काही बोलली नव्हती.

खालून दगडावर पोलाद सरकल्याचा आवाज येतोय. शिकवणाऱ्या नाकागावाबाई सुट्टीतही स्वस्थ बसत नाहीत. काय हात आहे त्या बाईचा, कुमुदताईंच्या मनात येतं. सकाळी त्यांनी भिजलेल्या दगडावर सुरी ठेवली आणि अशी पुढे-मागे नेली की बघणाऱ्याला वाटावं, यात काय मोठंसं. मग कुमुदताईंनी स्वतः हातात घेतली तेव्हा कळलं. सुरी कधी उभी होत होती, कधी आडवी पडत होती, आणि बाई न कंटाळता त्यांचं मनगट धरून पुन्हा पुन्हा जागेवर आणत होत्या. जेवणाच्या वेळेपर्यंत कार्यशाळेतली ती सरावाची सुरी कागद कापू लागली, आणि कुमुदताईंना पोरीसारखा आनंद झाला.

पण दुपारी प्रत्येकाने आपापली, घरून आणलेली सुरी दगडावर घ्यायची आहे. ती सुरी मास्तरांची. पेणच्या शाळेत भूमिती शिकवणारे टिपणीस मास्तर, कुमुदताईंचे यजमान, गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गेले. घरात सहा दिवस ओटा कुमुदताईंचा आणि रविवारी मास्तरांचा. बाजारातून मासळी आणण्यापासून ती साफ करून, कापून, तळून ताटात पडेपर्यंत त्यांचं राज्य. सुरीला धार लावायची तीही त्यांनीच, डाव्या हाताने. ते गेल्यापासून ती सुरी कुणी वापरलेली नाही. तिच्यावर त्यांनी लावलेली शेवटची धार आहे.

सकाळी नाकागावाबाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, कुमुदताईंच्या मुलीला, ऋजुतालाही फिरवायला लावला आणि तिला जपानीत काहीतरी विचारलं. ऋजुता ओसाकात नोकरीला आहे, तिनेच आईचं नाव इथे घातलं होतं. ती म्हणाली, "आई, त्या विचारतायत, बाबा डावखुरे होते का? एका बाजूचा उतार जास्त आहे म्हणे." मग बाईंनी सुरी दोन्ही हातांत धरून मान झुकवली. बोथट झाली आहे, पण नोक इतकी नीट राखणारे फार कमी, असं त्या म्हणाल्या. कुमुदताईंनी सुरी परत घेतली, गुंडाळली आणि लेकीला सांगून टाकलं, "दुपारी मी नुसती बघत बसेन. ही दगडावर जाणार नाही." "अगं, मग आणलीस कशाला इतक्या लांब?" ऋजुताने विचारलं. जेवण होताच कुमुदताई सुरी घेऊन माडीवर आल्या.

डोळे जड होतात. दगडाचा आवाज जिना चढून वर येतो आणि खोलीतच होऊ लागतो.

कुमुदताई डोळे किलकिले करून बघतात. खिडकीपाशी मास्तर मांडी घालून बसलेत. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, पुढ्यात ओला दगड.

"झाली का झोप?" ते मान वर न करता विचारतात.

"अहो, तुम्ही इथे कसे?"

"सुरी इथवर आली, आणि मी येणार नाही होय?"

मास्तर गेले आहेत हे कुमुदताईंना ठाऊक आहे, इथेही ठाऊक आहे. तरी त्यांना फार बरं वाटतं. किती तरी बोलायचं साठलेलं असतं आणि तोंडातून येतं ते भलतंच.

"लेंग्याची नाडी लोंबतेय तुमची."

मास्तर नाडी आत खोचतात. चटई जिथे संपते तिथून पेणच्या स्वयंपाकघराची फरशी सुरू झाली आहे. ओट्यावर पापलेटं पडली आहेत, ताजी, डोळे चकचकीत. नळ बारीक सोडलेला आहे. खिडकीत कढीपत्त्याची कुंडी आहे आणि तिच्यापलीकडे साकाईची काळी कौलं. कुमुदताईंना यात काही वावगं वाटत नाही. त्या सवयीने हळद-मिठाचा डबा शोधू लागतात.

"कुमुद, सुरी दे."

"नाही देणार."

"मासे काय दातांनी कापू?"

"तिच्यावर तुमची धार आहे, शेवटची."

मास्तर हसतात. वर्गात एखाद्याने चुकीचं उत्तर फार आत्मविश्वासाने दिलं की हसायचे, तसे. "धार साठवून ठेवायला ते काय लोणचं आहे? तुला कुणी सांगितलं ती अजून आहे म्हणून? त्या बाईंनी तर बोथट म्हटलं."

"तुम्ही ऐकलंत?"

"नोकेचंही ऐकलं." ते एकदम खुलतात. "काय म्हणाल्या त्या? पुन्हा सांग बघू."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मास्तरांची मेल्यावरही गेलेली नाही. कौतुक दोनदा ऐकायला लागायचं त्यांना, एकदा कानाला आणि एकदा मनाला. कुमुदताई पुन्हा सांगतात, थोडं वाढवूनच सांगतात. इतकी नोक राखणारा माणूस त्यांनी उभ्या साकाईत बघितला नाही म्हणे. मास्तर फळ्याकडे वळतात, कारण आता फळा आहे. ओटा होता तिथे शिक्षकांचं टेबल आहे, टेबलावर दगड, आणि फळ्यावरून पाणी संथ ओघळतंय. बाकांवर सकाळचे प्रवासी हाताची घडी घालून बसलेत. पहिल्या बाकावर नाकागावाबाई. कुमुदताई त्यांच्या शेजारी टेकतात. सुरी मास्तरांच्या डाव्या हातात कधी गेली हे त्यांना कळतच नाही.

"धार गेली तर गेली," त्या बाकावरून म्हणतात, "पण तो उतार तर तुमचा आहे ना? तुमच्या हाताचा. मी उजव्या हाताने घासणार. घासता घासता तो जाईल. मग माझ्याकडे तुमचं काय उरलं?"

एवढं बोलून त्यांना रडू येतं. वर्षभर हे त्यांनी कुणाजवळ बोललेलं नाही. ऋजुताजवळही नाही, कारण पोरीने म्हटलं असतं, आई, सुरी आहे ती.

मास्तर तसं म्हणत नाहीत. ते टेबलामागून येतात, बाकापाशी उभे राहतात आणि सुरी आडवी धरतात.

"ही आणली तेव्हा केवढी होती, आठवतंय?"

"चांगली रुंद होती. लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची करून दिली होती. मी म्हटलं, ही सुरी की कोयता?"

"आणि आता बघ."

आता पातं दोन बोटांएवढं उरलं आहे. कुमुदताईंनी ते रोज बघितलं आहे, पण असं कधी बघितलं नव्हतं.

"दर वेळी धार लावायची म्हणजे थोडी सुरी घालवायची. मीच घालवली सगळी. निम्म्याहून जास्त सुरी आपण तिघांनी रविवारी रविवारी खाल्ली, कुमुद. तुला वाटतं माझं जे काही आहे ते या उरलेल्या तुकड्यात आहे. अगं, जी झिजली ना, त्यात मी होतो."

"आणि उरलेली?"

"उरलेलीचं काय, फोटोशेजारी ठेवून हार घालणार आहेस?"

तसा कुमुदताईंचा विचार होता.

मास्तर दगडावर पाणी शिंपडतात. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताची बोटं पात्यावर. मुठीजवळच्या टाचेपासून नोकेपर्यंत ते एकेक जागा घेत जातात, घाई नाही, जोर नाही. दगडावर करडा चिखल येतो. नाकागावाबाई पुढे झुकून बघतायत आणि दर थोड्या वेळाने मान डोलावतायत. सबंध वर्ग बघतोय. आपला नवरा एवढा देखणा कधी दिसला होता, असं कुमुदताईंना वाटतं, आणि बनियनवर असूनही त्यांना त्याचा अभिमान वाटतो. हा माणूस त्यांच्या ओट्याशी उभा राहून हेच करायचा, आणि त्या पाठीमागे चहाची घाई करत असायच्या.

"इकडे ये. अंगठा दे."

ते त्यांचा अंगठा धरून पात्याच्या कडेवरून आडवा, बाहेर नेतात. त्यांचा हात ओला आणि गार आहे. कडेला काहीतरी अडकतं, अगदी बारीक.

"लागली खरखर? एक बाजू घासली की पोलाद दुसरीकडे वळून बसतं, ती ही. टाचेपासून नोकेपर्यंत लागली म्हणजे ही बाजू झाली. आता पालटायची आणि दुसरीकडून उतरवायची. अर्धवट सोडली तर काही उपयोगाची नाही. टोमॅटो फाडेल, कापणार नाही." ते सुरी त्यांच्या हातात देतात. "घे. पालट."

"तुम्हीच करा ना. एवढी केलीत तर."

"मला तास आहे."

"आत्ता? दुपारचा?"

मास्तर हातावरचा करडा चिखल खडूसारखा झटकतात. बाक रिकामे आहेत. व्हरांडा लांबलचक आहे आणि त्यात ऊन पडलं आहे. ते नेहमीसारखे भराभर चालत जातात. घंटा होते की काय म्हणून कुमुदताई कान देतात, पण ऐकू येतो तो जिन्यावरून ऋजुताचा आवाज.

"आई? उठतेस ना? खाली सुरू करतायत."

कुमुदताई उठून बसतात. चटई आहे, खिडकी आहे. उशाशी नॅपकिन तसाच, त्यांनी मारलेल्या गाठीसकट, कोरडा. त्या गाठ सोडतात. पातं स्वच्छ आहे, कुठे पाण्याचा थेंब नाही. त्यांचा अंगठा आपोआप कडेवरून आडवा, बाहेर जातो. मग त्या पुन्हा टाचेपासून सुरुवात करतात आणि नोकेपर्यंत जातात.

ऋजुता वर येऊन दारात उभी राहते. "काय झालं? रडलीस का?"

"इथे अंगठा लाव. हळू. असा."

ऋजुता वाकून अंगठा लावते. तिच्या कपाळाला आठी पडते. "ही खरखर सकाळी नव्हती. आई, ही कुणी घासली? नाकागावाबाई तर सुट्टीभर खालीच होत्या."

कुमुदताई साडीच्या निऱ्या सारख्या करतात. नॅपकिन घडी करून पिशवीत टाकतात, सुरी तशीच उघडी हातात घेतात.

"माझा दगड भिजत घातलाय का कुणी?"

"मी घातलाय. तू नको म्हणालीस तरी घातला."

"बरं केलंस," कुमुदताई म्हणतात आणि जिन्याचा कठडा धरतात. "एवढी एकच बाजू राहिलीय. ती माझी आहे."