कवठे महांकाळला, पण साताऱ्यावरून

कुपवाडहून कवठे महांकाळ पूर्वेला आणि सातारा वायव्येला. मला जायचं होतं कवठे महांकाळला, पण मुलीने गाडीत बॅग ठेवली ती साताऱ्याच्या दोन दिवसांच्या शिबिराची. संपूर्ण माणूसच चांगलं नेतृत्व करतो, असं तिथे शिकवणार होते.

“आधी तिथं जाऊन या, मग आबांकडे,” ती म्हणाली. “आत्ता गेलात तर दारातच भांडाल.”

बिरू आबा माझ्या वर्कशॉपचे फोरमन. लेथ चालवायला मला त्यांनीच शिकवलं. महिन्यापूर्वी लेथवर एका गिऱ्हाइकाचा जॉब बिघडला आणि मी सगळ्या कामगारांसमोर त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी शेडची किल्ली टेबलावर ठेवली आणि आपलं गाव, कवठे महांकाळ, गाठलं. एक शब्द बोलले नाहीत. मला राग त्याचाच. माणसाने उलट बोलावं, भांडावं. असं गुपचूप जाणं म्हणजे माझा अपमान. ड्रॉइंगवर माप मीच चुकीचं लिहिलं होतं, हे नंतर कळलं. तरी किल्ली ठेवायची काही पद्धत असते की नाही?

उंब्रजला भजी खायला थांबलो. कुठे निघालात, असं हॉटेलवाल्याने विचारलं. नेतृत्वाचं शिबिर म्हटल्यावर त्याने कोणती पार्टी, कोणता वॉर्ड, सगळी चौकशी केली आणि चहा स्वतः आणून दिला. मी खुलासा केला नाही. चहा चांगला होता.

शिबिर साताऱ्याच्या वर, यवतेश्वरच्या घाटात. खाली सगळं शहर दिसत होतं, समोर अजिंक्यतारा. जेवण मात्र उकडलेलं. मी ठेचा मागितला तर काकडी आली.

शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. म्हणाल्या, आपण कामावर एक असतो, घरी दुसरे. दोन्ही तुकडे जोडले पाहिजेत. मी सांगितलं, माझं जोडलेलंच आहे, मी दोन्हीकडे ओरडतो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, तुम्ही ओरडत नाही अशी जागा कोणती? मी विचार केला. सौदा करताना माझा आवाज कधीच चढत नाही.

दुपारी जोड्या लावल्या. डोळे मिटायचे, समोरच्याचा हात धरायचा आणि मनातलं ओझं स्पर्शाने पोचवायचं. माझ्या वाट्याला आटपाडीकडचे, पूर्वीचे मेंढ्यांचे व्यापारी आले, आता डेअरी चालवतात. मीही तरुणपणी जनावरांच्या बाजारात दलाली केलेली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. त्यांचा हात हातात आला आणि मी सवयीने खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला.

“कशाचा सौदा, पाव्हणं?” ते कुजबुजले.

मी हळूच आबांची हकिगत सांगितली आणि एक बोट दाबलं. म्हणजे ‘चुकलं’ असं एकदाच म्हणणार. त्यांनी माझी चार दाबली. मी दोनवर आलो. त्यांनी हातच काढून घेतला.

“त्या म्हाताऱ्याला काय पायजे, त्ये इचारलंय का कवा? माल न बघता भाव करताय तुमी.”

बाईंना वाटलं, माना खाली घालून आम्ही रडतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना कुपवाडला थांबलो नाही. मिरज मागे पडली, काळं रान संपलं, बाभळी आणि बेदाण्याच्या शेड सुरू झाल्या. आबा शेळ्यांना पाला टाकत होते. मला पाहून त्यांनी घोंगडं अंथरलं, चहा सांगितला, पण बोलले नाहीत. दारातच भांडण करायची फार इच्छा झाली. साताऱ्याहून आणलेला पेढ्यांचा बॉक्स पुढे केला आणि विचारलं, “आबा, तुमाला काय पायजे?”

पेढा खाऊन होईपर्यंत त्यांनी मला ताटकळत ठेवलं.

“जिथं बोलला, तिथंच बोला, मालक. समद्यांम्होरं.”

“जेवणाच्या सुट्टीत चालंल?”

“न्हाई.”

“मग मशिनी चालू असताना?”

“ऐकू कुणाला येनार?”

“म्हणूनच म्हणतोय.”

आबा हसले. पण भाव काही खाली उतरवला नाही.

सोमवारी सकाळी वर्कशॉपमध्ये येऊन त्यांनीच मशिनी बंद करायला लावल्या. शेड एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती. म्हणालो, जॉब आबांनी बिघडवला नव्हता, माप माझं चुकलं होतं, आणि बोललो तेही चुकलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. शिवी ओठावर आली. आबांनी नुसतं पाहिलं. मी ती गिळली. कामावर काही गिळण्याची मला सवय नाही. घशात अजून आहे.

मग आबांनी ते ड्रॉइंग आणलं, माप खोडून बरोबर लिहिलं आणि खिशातला पेन माझ्या हातात दिला. “हितं सही करा.”

केली. पेन खिशाला लावून वळलो, तर मागून आवाज आला, “मालक, पेन माझा हाय.”

तोही दिला.