तलावासाठी चार पानं

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी नागपूरहून बी.ए. होऊन सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी परतलो. घरात शिकलेला पहिलाच. मला शाळेत ठेवता यावं म्हणून माझ्या वाट्याचं जाळंही बापानेच ओढलं. हे मी विसरलेलो नाही, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासे मारण्याची आमच्या दहा घरांची जुनी वहिवाट होती. आता तलाव सरकारजमा झाला. वहिवाट असेल त्यांनी तहसीलीत अर्ज द्यावा, अशी दवंडी पिटली गेली.

बाप म्हणाला, "बाबू, तूच लिव. आता वकील कायले पाह्यजे?"

मी तेव्हा युगाचा अर्थ शोधत होतो. नागपुरात एका साहित्य मंडळात जायचो. जमीन कुणाची, नागपूरची राजधानी राहते की जाते, सगळं तिथे चहाबरोबर चघळलं जाई. त्यातल्या एकाचेही पाय कधी गाळाने भरले नव्हते. माझे भरलेले होते, ते मी धुऊन जायचो. त्यांच्यासारखं बोलता येऊ लागलं, आणि त्यालाच मी विद्या समजलो.

अर्ज चार पानी झाला. पाणी आणि माणूस यांचं आदिम नातं, सरंजामशाहीचा अस्त, असं बरंच काही. वाचून दाखवल्यावर बापाने विचारलं, "याच्यात आपलं नाव कुठी आहे?"

"ते त्यातच आलं," मी म्हणालो.

तहसीलीतल्या कारकुनाने चारही पानं वाचली आणि बापाकडे पाहिलं. "भाऊ, तुले तलाव पाह्यजे का सभेत भाषण द्याचं आहे?" मागे उभे असलेले लोक हसले. मग तो मला म्हणाला, "दहा घरची नावं अन् तलावाचा नंबर लिहून आण. सोमवार शेवटचा दिवस आहे."

दहा ओळींचं काम. पण मला अपमान सोसेना. सोमवारच्या आत परततो असं बापाला सांगून मी ती पानं घेऊन नागपूरला गेलो. रविवारी मंडळात वाचली. लोकांनी माना डोलावल्या. एका प्राध्यापकाने तलाव हे प्रतीक असल्याचं सांगितलं. तेच सोमवारी संध्याकाळी एका संपादकांना भेटवतो म्हणाले, म्हणून मी राहिलो.

परतलो तेव्हा तलाव चांद्याच्या एका ठेकेदाराकडे गेला होता.

"मी पायरीवर बसून होतो," बाप म्हणाला. "कारकून म्हणे, थांबा, तुमचा पोरगा येत असन. कचेरी बंद होतवरी थांबला बिचारा. तुले यायले का झालं?"

मी संपादकांचं सांगितलं. त्याला ते काही मोठं काम वाटलं असावं, कारण त्याने मान हलवली.

शेजारची काकू दारातूनच म्हणाली, "काऊन बाबू, त्या चार पानाईत मासे गावते का?"

ती चार पानं लेख म्हणून छापून आली त्या महिन्यात बाप ठेकेदाराच्या जाळ्यावर मजुरीने लागला होता. मंडळाने मला 'श्रमाचं सौंदर्य' या विषयावर बोलायला बोलावलं. मी गेलो आणि तासभर बोललो.