द्राक्षावरची लव

द्राक्षं पेट्यांत भरायच्या त्या शेडमध्ये सगळ्याजणी तिला 'हवालदार' म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हत्या. कोणी घड मुठीत धरला की हिचा पारा चढलाच. द्राक्षावर पांढुरकी लव असते, जरा घासली की पुसली जाते, आणि तसला माल गिऱ्हाईक परत पाठवतं. म्हणून घड देठाशी चिमटीत धरायचा, तोही उघड्या हाताने. हातमोजे घातलेली बाई तिच्या डोळ्यांत खुपायची.

तिची सून कामाच्या पहिल्याच दिवशी हातमोजे घालून आली. "काढ ते! राणीसाहेब आल्यात," असं चारचौघींत म्हणत हिने स्वतः ते ओढून काढले.

दुपारी सून कळवळली. हातातल्या घडातून काळा, चकचकीत कोळी खाली पडला. हवालदारने तो चपलेखाली चिरडला. चावलेल्या बोटाला सूजसुद्धा नव्हती. "एवढ्याशा कोळ्याने कोणी मरत नाही. भर पेटी." सुनेने पेटी भरली. मग ती घामाने निथळायला लागली, पोट फळीसारखं कडक झालं आणि छाती धरून ती खाली बसली.

"विषाने नसा खवळल्यात," दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली. "माणूस भ्याल्यावर अंगात जे सुटतं ना, ते सगळं एकदम सुटलंय. हृदयाला दम खाऊ देत नाहीये. बीपी भलतंच चढलंय, हृदयाला सूजही आलीय."

"अहो, पण बोटाला तर काहीच नाही!"

"बोटाला फारसं दिसत नाहीच."

विषावरचं औषध दुसऱ्या दवाखान्यातून यायचं होतं. जन्मभर इतरांना दरडावत आलेली ही बाई आता दिसेल त्याच्या हातापाया पडत होती. मुलाला फोन लावायचा धीर होईना. सांगणार काय? हातमोजे मीच काढले, म्हणून?

एकदाचं औषध आलं, सलाईनमधून गेलं. उशाजवळच्या यंत्राच्या पडद्यावरचा हृदयाच्या ठोक्यांचा आकडा उतरायला लागला तशी ती किंचाळली, "अहो, चालली ती!"

"उतरायलाच हवा, मावशी," नर्स म्हणाली. "पण सूज आहे अजून. इतक्यात काही सांगता येत नाही."

सुनेने डोळे उघडले. समोर सासू दिसली. "आई," ती धडपडत उठायला गेली, "घड पडला हो हातातून. लव पुसली असेल. चुकलं माझं."

पडद्यावरचा आकडा भराभर चढायला लागला. नर्सने धावत येऊन सुनेला पुन्हा निजवलं आणि हवालदारच्या खांद्यावर हात ठेवला.

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा."