आतून झिजलेले टायर

नव्या टायरचा वास आला की मला नाशिकमधलं ते चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आठवतं. आमच्या मोठ्या गाडीचे पुढचे टायर वर्षभरातच आतल्या कडेने गुळगुळीत झाले होते. नवरा म्हणे, मी खड्डे बघत नाही. मी म्हणे, तो पेठच्या घाटात वळणं जोरात घेतो. मेकॅनिक म्हणाला, “चाकांचा अँगल गेलाय. कुठंतरी जोरात आदळलीय गाडी.” आम्ही एकमेकांकडे रोखून बघत असताना बाकावर द्राक्षं खात बसलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “दिंडोरीच्या बागेत मी गाडी शिकत होते ना, तेव्हा बांधावर चढली. लय मोठा दगड होता.” चाकं सरळ झाली, नवे टायर बसले आणि सासूबाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला, “आण, सरळ चालते का बघू.” “नको!” आम्ही दोघं एकदमच ओरडलो. गाडीच्या बाबतीत आमचं एकमत झालंय ते आजवर तेवढंच.